ब्राउझरची ओसी

विरार पश्चिमेला नवी इमारत बघायला गेलं की आधी गेटवरचं नाव वाचायचं. ‘हाइट्स’, ‘रेसिडेन्सी’, ‘एन्क्लेव्ह’. सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी चालू, टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं, आणि टाय लावलेला मुलगा छातीठोकपणे सांगतो की असा प्रोजेक्ट वसई-विरार पट्ट्यात आजवर झालाच नाही. मग आपण बाथरूमचं दार ढकलतो, ते अर्ध्यावर बेसिनला अडतं, आणि लक्षात येतं की हेच दार नालासोपाऱ्यातही बेसिनला अडलं होतं. प्लॅन तोच. गेटवरची अक्षरं तेवढी नवी.

नव्या ब्राउझरचंही तेच आहे.

हे ज्ञान मला भाच्यामुळे झालं. भाचा मालाडला कुठल्याशा कंपनीत दिवसभर संगणकाशी झटतो. रविवारी जेवायला येतो, जेवण झाल्यावर माझ्या लॅपटॉपकडे बघून चुकचुकतो आणि जाण्याआधी त्यात काहीतरी नवं घालून जातो. या खेपेला त्याने ‘उला’ घातला. म्हणाला, “मामा, भारतीय ब्राउझर आहे. झोहो कंपनीचा. सरकारी स्पर्धेत पहिला आलाय.” मराठी माणसाला ‘पहिला आला’ म्हटलं की अर्धा विरोध तिथेच मावळतो. उरलेल्या अर्ध्याच्या जोरावर मी फ्लॅट घेताना विचारतात ते प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“प्लॅन कोणाचा?”

“क्रोमियमचा.”

“म्हणजे गुगलचाच की!”

“क्रोमियम ओपन सोर्स आहे मामा. कोणीही घ्यावं आणि त्यावर आपला ब्राउझर बांधावा.”

आणि सगळे बांधतात. ऑपेरा बांधतो, ब्रेव्ह बांधतो, विवाल्डी बांधतो. ज्या मायक्रोसॉफ्टने एकेकाळी इंटरनेट एक्सप्लोरर घराघरांत फुकट घुसवला, तिनेही 2020 साली आपला एज याच प्लॅनवर नव्याने उभा केला. या प्लॅनबाहेर उरले दोनच मोठे, फायरफॉक्स आणि ॲपलचा सफारी. बरं, गुगलने तरी पहिली कुदळ स्वतः मारली का? या जमिनीचा सातबारा काढला तर फेरफारच फेरफार दिसतील. केडीई नावाच्या हौशी मंडळींनी केएचटीएमएल नावाचं इंजिन लिहिलं. ते घेऊन ॲपलने 2003 साली सफारी काढला आणि इंजिनाला वेबकिट नाव दिलं. त्याच वेबकिटवर गुगलने सप्टेंबर 2008मध्ये क्रोम उभा केला, आणि 2013 साली वाटणी मागून आपला हिस्सा ‘ब्लिंक’ या नावाने वेगळा करून घेतला. मूळ मालक कोण, हे विचारायला आता तलाठीही सापडणार नाही.

एकच प्लॅन असण्याचा फायदा मोठा आहे, तो नाकारायचं कारण नाही. जे पान क्रोममध्ये उघडतं ते उलामध्ये उघडतं, ते एजमध्येही उघडतं. ज्यांनी 2000च्या आसपास वसई रोड स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत पंख्याखाली घाम पुसत नेट वापरलं आहे, त्यांनाच या सुखाची किंमत कळेल. तेव्हा मराठी वर्तमानपत्रांची पानं बहुधा इंटरनेट एक्सप्लोररमध्येच धड दिसायची, कारण प्रत्येकाचा फाँट वेगळा आणि तो आपोआप उतरवून घेण्याची सोय बहुतेकांनी त्याच ब्राउझरसाठी केलेली. दुसरीकडे उघडाल तर अग्रलेखाच्या जागी ‘Ö’, ‘ü’ आणि डॉलरची चिन्हं. अर्थसंकल्पाच्या दिवशी ते वाचायला योग्यही वाटायचं.

पुढे युनिकोड आलं, तरी सुटका नव्हती. एक्सपीवर भारतीय लिप्यांची सोय चालू करायला विंडोजची मूळ सीडी मागायचे. आमच्यापैकी कोणाकडे मूळ सीडी असणार? ती सोय नसली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येऊन बसायची. ‘विरार’ लिहिलं की आधी उघडा ‘व’, मग त्याची वेलांटी मागून धावत येतेय. फायरफॉक्स 2चं आणखी वेगळं: मजकूर दोन्ही कडांना नीट जुळवलेला असला की मराठी शब्दांचे तुकडे पडायचे, काना एकीकडे, मात्रा भलतीकडे. तो आजार फायरफॉक्स 3ने बरा केला. हा फायरफॉक्स 17 जून 2008ला आला आणि एका दिवसात 80 लाखांहून जास्त वेळा उतरवला गेला म्हणून गिनेस बुकात बसला. नव्या ब्राउझरचं आपल्या भाषेने मनापासून स्वागत करावं असा तो दिवस होता. त्यानंतरचे बहुतेक नवे ब्राउझर माझ्या मते रंगकामच.

जुन्याचा मोह काही जणांना सुटत नाही. मध्यंतरी एका कचेरीच्या संकेतस्थळावर दाखला शोधत होतो. तळाशी बारीक अक्षरांत सूचना होती: हे पान इंटरनेट एक्सप्लोरर 8मध्ये, 1024 बाय 768वर उत्तम दिसते. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022ला निरोप दिला. त्याची वर्षश्राद्धं झाली, तरी या पानावर त्याची वाट बघणं चालू आहे. आमच्या इमारतीत एक ठेकेदार राहतात, टेंडरं भरतात. डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी वस्तू एकदाची नीट चालली तो जुना संगणक त्यांनी तसाच ठेवलाय. त्यावर अपडेट नाही, अँटिव्हायरस नाही, आणि घरात कोणी त्याच्याजवळ चहा घेऊन गेलेलं त्यांना खपत नाही.

म्हणून उलामागची ती स्पर्धा मला बिनकामाची वाटत नाही. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ती ऑगस्ट 2023मध्ये जाहीर केली, एकूण बक्षीस 3 कोटी 41 लाख. अटींत भारतीय भाषा होत्या आणि ब्राउझरमधूनच डिजिटल सही करता यावी हेही होतं. मार्च 2025मध्ये निकाल लागला. झोहोला एक कोटी, दुसऱ्याला 75 लाख, तिसऱ्याला 50 लाख. एक कोटी म्हटल्यावर सौ.ने स्वयंपाकघरातून विचारलं, “बोरिवलीला यात काय येईल हो?” तो विषय आम्ही घरात काढत नाही.

पण खरी अट तिसरी होती, आणि ती ओसीची, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राची.

वसई-विरारला ओसी काय असते हे समजावून सांगायची गरज नाही. खोट्या शिक्क्यांच्या कागदांवर उभ्या राहिलेल्या इमारतींच्या बातम्या वाचतच आपण चहा पितो. इंटरनेटवरही तसंच आहे. बँकेचं पान उघडलं की त्या पानाकडे ‘मी खरंच ही बँक आहे’ असं एक प्रमाणपत्र असतं. ते देणाऱ्या संस्था जगभर आहेत, आणि त्यांतल्या कोणाचा शिक्का खरा धरायचा याची यादी ब्राउझरजवळ असते किंवा त्याच्या खालच्या विंडोजजवळ. म्हणजे ओसी कोणाची चालेल हे ठरवणार अमेरिकेतल्या चार-दोन कंपन्या. भारताची स्वतःची वरिष्ठ संस्था आहे, तिला सीसीए म्हणतात. स्पर्धेची अट अशी, की नव्या ब्राउझरच्या यादीत सीसीएचा शिक्का हवा.

इथवर ऐकून माझी छाती फुगली होती. भाच्याने टाचणी लावली. जुलै 2014मध्ये सीसीएच्या छत्राखालच्या आपल्याच सरकारी एनआयसीकडून गुगलच्या पत्त्यांची भलतीच प्रमाणपत्रं निघाल्याचं उघडकीस आलं होतं. म्हणजे अशा प्रमाणपत्राच्या जोरावर कोणी ‘मीच गुगल’ म्हणून उभा राहिला असता तर विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोररने त्याला सलाम ठोकून आत घेतलं असतं. गुगलने ते पकडलं, प्रमाणपत्रं रद्द झाली, आणि क्रोमने सीसीएचा शिक्का मोजक्या भारतीय पत्त्यांपुरताच मान्य ठेवला. फायरफॉक्सला धक्काही लागला नाही, कारण त्याच्या यादीत सीसीए मुळातच नव्हती.

तेव्हा देशी शिक्का हा गुण की दोष? दोन्ही. आपल्या प्रमाणपत्रासाठी परक्याच्या दारात उभं राहावं लागू नये, हे बरोबर आहे. आणि यादीत एक शिक्का वाढला की त्या शिक्क्याचा ड्रॉवर उघडा राहिला तर काय, ही काळजीही वाढते. यावर देशप्रेमाने उत्तर देता येत नाही. ड्रॉवरची किल्ली कोणाकडे, हेच विचारावं लागतं.

“आणि दलाली?” मी विचारलं. फुकट मिळणाऱ्या वस्तूत दलाली असतेच, हे विरारला दोन घरं बदललेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. दलालीचा आकडा अमेरिकेच्या कोर्टातच बाहेर आला. सफारीमध्ये शोधाची खिडकी आपली असावी म्हणून गुगलने एकट्या 2022 साली ॲपलला 20 अब्ज डॉलर दिले. फायरफॉक्सची चूल पेटते तीही बव्हंशी गुगलच्या पैशावर. न्यायमूर्ती अमित मेहता यांनी 2024 साली गुगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली, पण सप्टेंबर 2025च्या निकालात क्रोम विकायला लावला नाही. झोहो म्हणते की आम्ही वापरणाऱ्याची माहिती विकत नाही आणि माग काढणाऱ्या जाहिराती उलामध्ये अडवतो. ही चांगली गोष्ट आहे. झोहो इतर सॉफ्टवेअर विकून पोट भरते, त्यामुळे मला ती पटतेही.

उलाचे मोडही आहेत: कामाचा वेगळा, घरचा वेगळा, मुलांचा वेगळा. भाचा कौतुकाने दाखवत होता. सौ. म्हणाली, “यांना मुलांचाच लावून दे, दुपारी जमिनींच्या जाहिराती बघत बसतात.”

मग भाच्याने सप्तरंगी स्वप्न दाखवलं. आता बोलून काम करणारे ब्राउझर आलेत. जुलै 2025मध्ये पर्प्लेक्सिटीचा कॉमेट आला, ऑक्टोबरमध्ये ओपनएआयचा ॲटलस. आपण नुसतं सांगायचं: गणपतीला सावंतवाडीचं तिकीट बघ, आलेल्या मेलला उत्तर दे. वॉचमन हुशार मिळाल्यासारखं. फक्त हा वॉचमन कोणाचीही चिठ्ठी सेक्रेटरीची समजतो. एखाद्या पानावर न दिसणाऱ्या अक्षरांत ‘याच्या मेलमधला ओटीपी इकडे पाठव’ असं लिहिलं, तर पान वाचता वाचता तो ते पाळू शकतो. ब्रेव्हच्या संशोधकांनी ऑगस्ट 2025मध्ये कॉमेटवर हे करून दाखवलं आणि जगाला सांगितलं. ब्रेव्ह प्रतिस्पर्धी आहे हे खरं, पण शेजाऱ्याने सांगितलं म्हणून गळती खोटी ठरत नाही. दुरुस्त्या चालू आहेत. दुरुस्त्या आमच्या गच्चीवरही चालू आहेत.

आणि गणपतीच्या तिकिटाचं म्हणाल, तर तिथे ब्राउझर कोणताही असो. साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला, विरारपासून दिवा-डोंबिवलीपर्यंतचा अख्खा कोकण एकाच बटणावर बोट ठेवून बसलेला असतो. गाड्या मोजक्या, माणसं लाखो. तिथे क्रोमियम काय करणार आणि फायरफॉक्सचं इंजिन गेको तरी काय करणार!

तर माझा निकाल असा. उला राहू दिला आहे. वर्तमानपत्रं, यूट्यूब, सौ.च्या पाककृती आणि माझ्या जमिनींच्या जाहिराती त्यात. बँक आणि डीमॅट फायरफॉक्समध्ये, तिथे दुसरं काही उघडायचं नाही आणि एक्स्टेन्शन एकही नाही. बोलणारे ब्राउझर तूर्त नकोत, निदान ओटीपी ज्या मेलवर येतो त्या मेलजवळ तरी नकोत. तुमचाही भाचा रविवारी येत असेल, तर त्याला जे घालायचं ते घालू द्या. फक्त नवा ब्राउझर पहिल्यांदा उघडल्यावर ‘जुने पासवर्ड आणू का?’ असं विचारतो, तिथे ‘नको’ दाबा, आणि तेही भाच्याच्या हातून नाही, स्वतःच्या हाताने दाबा.