तळणीवरची जीप

निफाडात आमच्या गल्लीत अण्णा शिरले की आधी नाकाला कळतं. त्यांच्या जुन्या डिझेल जीपमागे बटाटेवड्याचा वास सुटतो आणि वासामागे कुत्री. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यापासून अण्णांनी डिझेलशी अबोला धरलाय. "१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात हेच इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलंय! पुढे लोक बिघडले," असं ते पंपावर रांगेत उभ्या असलेल्यांना ऐकवतात. (स्वतः रांगेत कशाला, हे विचारू नये.)

विचारलंच तर उत्तर लांबतं. खाद्यतेल डिझेलपेक्षा दहापट तरी घट्ट. म्हणून जीपला टाक्या दोन. डिझेलवर सुरू करायची, रेडिएटरच्या गरम पाण्यानं तेल पातळ झालं की खटका फिरवून तेलावर घ्यायची, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायची. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरून तेलाचं बायोडिझेल केलं तर दुसरी टाकी लागत नाही, पण अण्णा त्याला भेसळ म्हणतात. त्यांची शुद्धता म्हणजे हॉटेलातलं उरलेलं तेल, वहिनींच्या सुती पातळांतून गाळलेलं. कुठल्या पातळांतून, हे वहिनींना सणावारीच कळतं.

अण्णा हिशेबाची वहीही ठेवतात. तीत वाचलेलं डिझेल लिहितात. काजळीनं तुंबलेले नोझल साफ करायला मेकॅनिकनं घेतलेले पैसे 'किरकोळ'मध्ये जातात. त्या वहीत किरकोळची पानं जास्त आहेत.

लग्नाला गेले की नवरानवरी राहिली बाजूला, अण्णा थेट आचाऱ्यापाशी. "पाम की सोयाबीन?" आचारी अन्नभेसळवाला समजून हात जोडतो. तळलेलं खायला डॉक्टरांनी बंदी केलीय, पण कढईपाशी उभं राहायला नाही.

गेल्या डिसेंबरात पुतण्याच्या लग्नात नवरदेवाला जीपमधूनच न्यायचा हट्ट. आदल्या रात्री बोलण्याच्या नादात खटका फिरवायचा राहिला. त्यात टाकीत पामतेल आणि बाहेर निफाडची थंडी! सकाळी नळीत तूप. वहिनींनी नवरदेवाच्या अंघोळीचं पाणी इंजिनावर ओतलं, वऱ्हाडानं धक्के मारले. अण्णा सांगत राहिले, "दोष तेलाचा नाही, हवेचा आहे."

नवरदेव रिक्षानं गेला. अण्णा मागाहून पोचले ते सरळ कढईपाशी. "पाम बंद करा हो," आचाऱ्याला म्हणाले, "पाहुण्यांना बाधतं."