टरफलं कोण उचलणार?

लग्नाचा वाढदिवस साजरा करणं हे लातूरच्या सरांच्या आणि नांदेडच्या बाईंच्या पिढीत नव्हतंच. 1985 साली नांदेडात त्यांचं लग्न झालं, तेव्हा जानोशात आंघोळीला गरम पाणी पुरलं नाही म्हणून नवरदेवाचे मामा रुसले होते. ती तारीख जवळ आली की दरवर्षी मामांची आठवण निघायची, बाई माहेरची बाजू लढवायच्या, आणि झाला वाढदिवस. लग्नानंतरचा पहिला प्रवास तुळजापूरचा, एसटीनं, सोबत सासूबाई, दोन नणंदा आणि एक आजारी आत्या.

सर एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून. लेक 'लातूर पॅटर्न'चं अस्सल पीक, म्हणजे बारावीला रडली, इंजिनिअर झाली आणि सिंगापूरला गेली. चाळीस वर्षं पूर्ण झाली म्हणून तिनं आई-वडिलांना बोलावून घेतलं, आणि घरी चार दिवस राहून झाल्यावर जाहीर केलं, की आता दोन रात्री तुम्ही दोघांनी रॅफल्स हॉटेलात राहायचं. सरांना कळेना. लेकीचं घर त्याच गावात, स्वयंपाकघर चालू, पलंग मोकळा. अशा वेळी हॉटेलात राहणं म्हणजे भांडण झाल्याची जाहिरातच.

पण सर अभ्यास केल्याशिवाय कुठं जात नाहीत. रॅफल्सची माहिती त्यांनी डायरीत उतरवून घेतली. 1887 साली सार्कीज नावाच्या अर्मेनियन भावांनी दहा खोल्यांच्या एका बंगल्यात हे हॉटेल काढलं. म्हणजे आपल्या मुंबईच्या ताजपेक्षा सोळा वर्षांनी थोरलं. नाव दिलं स्टॅमफर्ड रॅफल्सचं, ज्यानं 1819 मध्ये सिंगापुरात इंग्रजांचं ठाणं बसवलं. तेव्हा समोर समुद्र होता. पुढं भर टाकत टाकत त्यांनी समुद्रच लांब ढकलला. 'बीच रोड' ही पाटी मात्र तशीच राहिली. 1899 ला मोठी इमारत झाली. किपलिंग, कॉनरॅड, सॉमरसेट मॉम अशी मंडळी येऊन गेली. 1931 ला सार्कीज बंधूंचं दिवाळं निघालं, 1987 ला इमारत राष्ट्रीय स्मारक झाली. दिवाळ्याची ओळ सरांनी लाल पेनानं अधोरेखित केली. दिवाळं निघूनही टिकलेल्या संस्थेबद्दल लातूरच्या माणसाला आदर वाटतो.

दारात गाडी थांबली आणि दार उघडायला आला एक उंचापुरा सरदारजी. पांढरा कडक पोशाख, पगडी, छातीवर सोनेरी काम. रॅफल्सच्या दारातला शीख दरवान ही त्या शहराची जुनी खूण आहे. इंग्रजांनी 1881 मध्ये पंजाबातून शीख पोलिसांची तुकडी सिंगापुरात आणली. मग बँका, गोदामं, हॉटेलं, जिथं म्हणून दारात भारदस्त माणूस हवा तिथं शीख पहारेकरी दिसू लागले. आज जगभरचे पर्यटक या दरवानाशेजारी उभे राहून फोटो काढतात. सर खिशातून मोबाइल काढेपर्यंत बाई पुढं होऊन म्हणाल्या, "सत श्री अकाल, वीरजी."

सरदारजी चमकले. कुठून आलात म्हणून त्यांनी विचारलं. बाई 'इंडिया' म्हणाल्या नाहीत, 'महाराष्ट्र' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "नांदेड." आणि मग समजावं म्हणून, "हजूर साहिब."

पुढं जे झालं त्यानं सरांचा हिशेबच चुकला. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली जिथं देह ठेवला, महाराजा रणजितसिंहांनी जिथं गुरुद्वारा बांधवला, त्या गावची बाई दारात उभी! सरदारजींनी दोन्ही हात जोडून मान लववली. तुम्ही तर रोज मत्था टेकत असाल, असं ते भारावून म्हणाले. आता बाई काय सांगणार? नांदेडचा माणूस गुरुद्वाऱ्यात जातो तो पाहुणे आल्यावर. पण माहेरच्या अब्रूचा प्रश्न होता. "लंगरची डाळ खाऊनच मोठी झाले," असं त्या म्हणाल्या, आणि ते तितकंसं खोटंही नव्हतं. शेवटी ज्याच्यासोबत सगळं जग फोटो काढतं त्या माणसानं बाईंसोबत फोटो काढून घेतला. काढणारे सर. मागं एक ऑस्ट्रेलियन जोडपं कुतूहलानं थांबलं होतं. ही कुठली राणी आली, असा चेहरा करून.

आत गेल्यावर कळलं, इथं नुसती खोली नसते, सगळे सुईट, आणि प्रत्येकाला बटलर. तो आला, गोड हसला, आणि बॅगा उघडून सामान लावून देऊ का म्हणाला. बाईंनी बॅगेवर हातच ठेवला. आत साड्या वरवर होत्या. खाली भाजणी, शेंगदाण्याची चटणी, धपाट्यांचा डबा आणि लेकीला द्यायचं राहून गेलेली बोरसुरीची तूरडाळ. या डाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळं ती कुठंही न्यायला लाज वाटायचं कारण नाही, हे सरांचं म्हणणं. तरी बटलरनं ती कपाटात साड्यांशेजारी रचावी हे बाईंना पसंत पडेना. सरांनी त्याला बसवून घेऊन शिक्षण, गाव, आई-वडील काय करतात, लग्न झालं का, अशी चौकशी केली. तो उभ्यानंच उत्तरं देत राहिला. चहा त्यानं आणला, पण 'तुम्हीही घ्या' म्हटल्यावर त्याची जी तारांबळ उडाली ती त्याच्या प्रशिक्षणात बसवलेली नसावी.

भाडं किती, हे सरांनी लेकीला फोन करून विचारलंच. "ऑफर होती पप्पा. पाच हजार." खरा आकडा एका रात्रीला हजार सिंगापूर डॉलरच्या वर होता आणि एक डॉलर पासष्ट रुपयांच्या आसपास. बाईंनी टॉवेलला हात लावला तेव्हाच त्यांना संशय आला होता. पण त्या गप्प राहिल्या. चाळीस वर्षांचा संसार असाच होत नसतो.

खरं रामायण झालं न्हाणीघरात. तिथं होता टब. पांढराशुभ्र, पायांवर उभा, दोनशे लिटर तरी पाणी घेईल असा. आता टब आणि लातूर हे दोन शब्द एका वाक्यात येत नाहीत. 2016 च्या उन्हाळ्यात याच शहरासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली जलदूत गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, कलम 144. पाण्यासाठी जमावबंदी पाहिलेला माणूस गळ्यापर्यंत पाण्यात बसून शिट्टी वाजवू शकत नाही. सरांनी टबाकडं पाहिलं आणि बादली शोधू लागले.

बाई गोदाकाठच्या. "तुमचं लातूर तुमच्यापाशी," म्हणत त्यांनी दोन्ही नळ सोडले. सर दाराबाहेर अस्वस्थ. आतलं पाणी वाया न घालवता फ्लशला तरी वापरावं, म्हणून त्यांनी बटलरला फोन करून शुद्ध इंग्रजीत एक बकेट मागवली. लग्नाच्या वाढदिवसाला आलेलं जोडपं बकेट मागतंय म्हटल्यावर कुठल्याही चांगल्या हॉटेलात जे येईल तेच आलं. चकचकीत भांडं, गळ्यापर्यंत बर्फ, मध्ये बाटली. सरांनी बाटली काढून कपाटात डाळीशेजारी ठेवली. भांड्याचं माप घेतलं. चार लिटरही मावेना.

मग त्यांनी वेगळा मार्ग धरला. दाराबाहेर उभं राहून ते मोबाइलवरची माहिती मोठ्यानं वाचू लागले. सिंगापूरचं स्वतःचं पाणी पुरत नाही. मलेशियातल्या जोहोरमधून पाइपानं येतं, 1962 चा करार आहे, 2061 ला संपणार. आतून फक्त पाण्याचा डुबुक आवाज. म्हणून 2003 पासून हे लोक सांडपाणी शुद्ध करून वापरतात. नाव न्यूवॉटर. बरंचसं कारखान्यांना जातं, थोडं कोरड्या महिन्यांत धरणात सोडतात.

"धरणात म्हंजे?" आतून आवाज आला. "नळाला तेच येतं की!"

"तसंच की मग."

क्षणभरानं बूच ओढल्याचा आवाज आला. वास्तविक ते पाणी इतकं शुद्ध असतं की आपल्याकडचं बाटलीतलं लाजेल, पण हे वाक्य सरांनी बाई बाहेर आल्यावर वाचलं.

संध्याकाळी लेक-जावई लाँग बारमध्ये घेऊन गेले. ज्या पेयानं हे हॉटेल जगात गाजलं ते 'सिंगापूर स्लिंग' इथलंच. हैनानहून आलेल्या न्गियाम टोंग बून या बारटेंडरनं ते 1915 साली बनवलं म्हणतात. त्यामागची हॉटेलातली गोष्ट गमतीची आहे. त्या काळी बायकांनी चारचौघांत दारू पिणं बरं दिसत नसे. म्हणून जिनमध्ये अननसाचा रस, लिंबू, चेरी ब्रँडी, डाळिंबी सिरप घालून त्यानं असं गुलाबी पेय केलं की बघणाऱ्याला वाटावं, बाई सरबत पितायत. लेकीनं आईसाठी त्याचा बिनदारूचा अवतार मागवला. जावयानं फोटो काढला आणि 'परिवार' ग्रुपवर टाकला. शंभर वर्षांपूर्वी दारू सरबतासारखी दिसावी म्हणून केलेली सगळी हिकमत नांदेड-लातुरात पार उलटी फिरली. पाचव्या मिनिटाला औशाहून नणंदेचा फोन. "वैनी, ते लाल काय हाय?"

इकडं सर मेन्यूवरच्या किमतीचा गुणाकार करत होते. एक ग्लास जवळपास चाळीस डॉलर, वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर नऊ टक्के जीएसटी. दोन ग्लासांत पाच हजाराच्या वर! म्हणजे खोलीचं भाडं आणि दोन ग्लास सरबत सारखंच. असा निकाल प्रयोगवहीत आला असता तर त्यांनी पोराला प्रयोग परत करायला लावला असता. पण लेकीच्या तोंडाकडं बघून त्यांनी तो तसाच मान्य केला.

टेबलावर गोणपाटाची पिशवी होती, तिच्यात भाजलेल्या शेंगा. सरांचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. सोयाबीन येण्याआधीच्या रानात वाढलेला माणूस. एक शेंग कानाशी हलवून पाहिली, फोडली, दाणा चोळून फुंकर मारली. बाईही खात होत्या, टरफलं मात्र रुमालात गोळा करत होत्या. तेवढ्यात वाढप्यानं अदबीनं सांगितलं, की टरफलं खाली टाकायची. मळ्यांवरच्या गोऱ्या साहेबांच्या काळापासून इथं तशी प्रथा आहे. ज्या शहरात रस्त्यावर कचरा टाकला तर पहिल्याच गुन्ह्याला दोन हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, तिथं या एका फरशीवर टरफलांचा सडा. चालताना पायाखाली कुरकुर वाजत होतं.

बाईंना ते जमेना. जमणारच कसं? जिनं नोकरीभर दर 1 ऑगस्टला तिसरीच्या वर्गात लोकमान्यांची गोष्ट सांगितली, तिला टरफल हा कचरा नसतो, तो चारित्र्याचा प्रश्न असतो. आणि गोष्टीतल्या बाळ टिळकाची बाजू भक्कम होती. त्यानं शेंगा खाल्ल्याच नव्हत्या. बाईंनी तर चांगल्या मूठभर खाल्ल्या होत्या. सर मात्र दोन्ही हातांनी टाकत सुटले. "आपल्या बसस्टँडवर टाकतो तर ओरडतीस," ते म्हणाले, "हितं बघ, हेरिटेज हाय."

शेवटी बाईंनी सगळ्यांची नजर चुकवून एक टरफल टेबलाखाली सोडलं. लगेच वाकून बघितलं, कुठं पडलं ते.

दुसऱ्या दिवशी वाघाची गोष्ट कळली. 1902 च्या ऑगस्टात खेळवाल्यांकडून सुटलेला एक वाघ हॉटेलच्या बिलियर्ड रूमखाली शिरला. इमारत खांबांवर उचललेली, वाघ खाली दबा धरून. मारायला बोलावलं कोणाला? पोलिसाला नव्हे, शिकाऱ्याला नव्हे. शेजारच्या रॅफल्स इन्स्टिट्यूशनच्या मुख्याध्यापकांना. सी. एम. फिलिप्स त्यांचं नाव. रात्री मेजवानीहून येऊन झोपलेला तो गृहस्थ पायजम्यावरच बंदूक घेऊन आला म्हणतात. ऐकणारे बाकीचे पाहुणे वाघाच्या बाजूनं हळहळले. बाईंना एकट्या मुख्याध्यापकांची दया आली. जनगणना, निवडणूक, खिचडी, सगळं केलेल्या त्या. अशैक्षणिक कामाच्या यादीत वाघ तेवढा राहिला होता.

रात्रीचं जेवण टिफिन रूममध्ये. हे नाव 1892 पासूनचं. जेवण उत्तर हिंदुस्थानी. म्हणजे हैदराबादहून साडेचार तास उडून येऊन डब्यातलं खायचं, एवढं म्हणून सर जेवायला बसले आणि दोनदा पुलाव घेतला. तिथंच कोणी सांगितलं, की 1942 मध्ये जपानी सैन्य आलं तेव्हा नोकरांनी मांस वाढायची चांदीची गाडी अंगणात पुरून ठेवली होती. बाईंनी घास थांबवला. रझाकारांच्या दिवसांत त्यांच्या सासूबाईंच्या घरीही भांडी परसात पुरली होती. 17 सप्टेंबर 1948 नंतर उकरली, तर एक चांदीचा तांब्या मिळालाच नाही. जाऊबाईंच्या आजेसासूनं तो रात्रीतून काढला, असा घरात दोन पिढ्यांचा वाद. "ह्यांची गाडी घावली का पण?" बाईंनी विचारलं. मिळाली, म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. चांगल्या घरात असंच होतं, असं काहीतरी पुटपुटल्या.

लातूरला परतल्यावर क्रीडा संकुलात सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी सरांना गाठलं. सरांनी सरदारजी सांगितला, वाघ सांगितला, शेंगा सांगितल्या. टबाचा विषय गाळला. भाडं विचारल्यावर बेफिकीरपणे म्हणाले, "पाच हजार. ऑफर होती." त्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर. त्यांनी तिथल्या तिथं हिशेब मांडला, की महाबळेश्वरला सीझनमध्ये याहून जास्त पडतं. संध्याकाळपर्यंत आठ जोडपी तयार झाली, त्यात औशाच्या नणंदबाई पहिल्या. तिसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब ॲडव्हान्सचं पाकीट घेऊन घरी आले, सोफ्यावर बसले आणि लेकीला आत्ताच्या आत्ता फोन लावा म्हणाले. सरांनी लावला. आठ खोल्या, दोन-दोन रात्री, तीच ऑफर, असं सगळं नीट सांगितलं.

लेकीनं आधी एवढंच विचारलं, "पप्पा, फोन स्पीकरवर आहे का?"