आधी दवाखाना, मग कार्ड

रात्री दोन वाजता शेतातल्या घरात विंचू चावला, तर पाच लाखांच्या आरोग्य योजनेचं कार्ड काय करणार? त्या घटकेला हवा असतो जवळचा उघडा दवाखाना, त्यात हजर असलेला डॉक्टर आणि कपाटात शिल्लक असलेलं औषध.

महाराष्ट्राने याचा पडताळा घेतलेला आहे. सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने लहान मुलं दगावत. गंभीर विषबाधा झालेल्यांपैकी शंभरातले चाळीसच्या आसपास रुग्ण वाचत नसत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, विष हृदयावर काय करतं ते टिपलं आणि पुढे त्याच परिसरात प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरलं. मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. हे काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. औषध म्हणाल तर साधी, स्वस्त गोळी. पण ती वेळेत पोटात जायला हवी, आणि त्यासाठी सरकारी दवाखाना चालू हवा.

पाच लाखांचं हे कार्ड देणाऱ्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेला माझा विरोध नाही. हृदयाच्या, कर्करोगाच्या उपचारांत कर्जात बुडणारी घरं अशा योजनांनी सावरली आहेत. 2023 मध्ये ती सर्वांना लागू करण्याचा निर्णय झाला, तेही योग्यच. पण ती आहे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आणि ठरावीक उपचारांसाठी. बीपीची रोजची गोळी, बाळाची लस, गरोदर बाईची तपासणी, तापाचं रक्त तपासणं, हे सगळं उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय यांनीच करायचं आहे. म्हणून त्यांचा पैसा आधी राखून ठेवला पाहिजे.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच हे लिहिलेलं आहे. सरकारी आरोग्य खर्च 2025 पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) अडीच टक्क्यांवर न्यायचा आणि त्यातला किमान दोन तृतीयांश पैसा प्राथमिक सेवेला द्यायचा. 2021-22 मध्ये हा खर्च 1.84 टक्के होता. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत असा निकष आहे. त्याच वर्षीच्या केंद्राच्या आकडेवारीनुसार देशभरातल्या अशा रुग्णालयांत गरजेच्या सुमारे 80 टक्के तज्ज्ञ कमी होते. मग अडलेल्या बाळंतिणीला जिल्ह्याला पाठवतात, आणि मोलाचा वेळ रस्त्यावर जातो.

दवाखान्याचा निधी कापला, असं कोणतंही सरकार जाहीर करत नाही. हप्ता लांबतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के; एकाचा हप्ता उशिरा आला की दुसऱ्याचा अडतो. कंत्राटी नर्सचा पगार थकतो, रिकामी जागा रिकामीच राहते, औषधखरेदी पुढे ढकलली जाते. वर्ष संपता संपता पैसे येतात, खर्चायला दिवस उरत नाहीत, आणि ‘निधी अखर्चित’ हा शेरा पुढच्या वर्षी हात आखडता घ्यायला कामी येतो. उशीर वरून आणि दोष दवाखान्याला, हे थांबलंच पाहिजे.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगला निर्णय. पण रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, तर औषधांचे पैसे तिजोरीतून वेळेवर आले पाहिजेत. नाही तर मोफत केसपेपरवर बाहेरच्या मेडिकलचं औषध लिहून मिळेल आणि खर्च पुन्हा गरिबाच्याच खिशातून जाईल.

मागण्या चारच. प्राथमिक सेवेचा निधी स्वतंत्र ठेवा आणि तो विमा किंवा इमारतींकडे वळवू नका. पहिला हप्ता एप्रिलमध्येच द्या. कंत्राटी कर्मचाऱ्यांचा पगार दरमहा ठरलेल्या तारखेला करा. आणि प्रत्येक केंद्राच्या दारात फळा लावा: किती पैसे मंजूर झाले, किती आले, कधी आले.

ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. आमदार मत मागायला येतील तेव्हा रस्ता आणि सभामंडप यांच्या आधी आपल्या ग्रामीण रुग्णालयाचा हिशोब मागा, आणि तो मिळेपर्यंत मागत राहा.