दुरुस्त खोली

स्पीकर चांगले असून भागत नाही, खोलीही चांगली लागते, ही बातमी दुकानदार स्पीकरचे पैसे मोजून घेतल्यावर देतो. मग तो आणखी एक डबा पुढे सरकवतो. हा डबा भिंतीला हात न लावता खोली दुरुस्त करतो. बिल्डरने करून ठेवलेले गणिताने निस्तरायचे.

डब्यासोबत बोटाएवढा माईक मिळतो. तो बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा आणि स्पीकरमधून 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर सोडायचा. तेवढा वेळ घरात संपूर्ण शांतता असावी, असे पुस्तिकेत म्हटले आहे. पुस्तिका लिहिणारा गृहस्थ बहुधा एकटा राहतो. पंखा बंद केला, मे महिना असूनही केला. कुकरच्या शिट्ट्यांना निदान अंत असतो. पण आमच्या लिफ्टचे दार कुणीतरी कायम उघडे टाकते आणि मग आतली बाई ‘कृपया दरवाजा बंद करें’ हे न कंटाळता म्हणत राहते. ॲप म्हणते, आवाज फार आहे, पुन्हा मोजा. आतून आई विचारते, “बिघडलंय का रे?”

“नाही गं, मोजतोय.”

“मग मघापासून तेच काय वाजतंय?”

आमचा हॉल 14 फूट लांब. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. त्या हिशेबाने 40 हर्ट्झची अर्धी लाट या दोन भिंतींत नेमकी मावते. मावली की जुन्या भाडेकरूसारखी ठाण मांडते. भिंतींपाशी दणका, मधोमध जवळजवळ शून्य. मधोमध आमचा सोफा आहे. कारण मागे डायनिंग टेबल आहे, आणि टेबल तिथे आहे कारण स्वयंपाकघर तिथे आहे. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की 41 हर्ट्झ निघतात. म्हणजे पंचमदांच्या एखाद्या गाण्यात ती वाजली, की सोफ्यावरच्या माणसाला ते कळवावे लागते.

80 हर्ट्झची लाट उलट त्याच सोफ्यावर फुगते. ती डब्याने छान कापली, हे मान्य केले पाहिजे. उंचवटे त्याला जमतात. खड्डे मात्र नाहीत. स्पीकरने आवाज वाढवला की भिंतीवरून परतणारी लाटही तेवढीच वाढते आणि दोघी मिळून पुन्हा शून्य करतात. 10 डेसिबल जास्त मागितले तर ॲम्प्लिफायरला दहापट वॉट लागतात, 50 चे 500. हाती काही नाही. म्हणून डबा त्या फंदात पडतच नाही. एवढ्या मोजमापानंतर तो नम्रपणे सुचवतो, की बसण्याची जागा बदलून पाहा.

सोफा हलणार नाही, असा निर्णय झाला. त्याच्या मागे चार्जिंगचा पॉइंट आहे.

शिवाय ही दुरुस्ती मुख्यतः एका डोक्यापुरती, आणि सोफ्याच्या मधल्या जागेवर बाबांचे डोके असते. ते बातम्या बघतात. चार-पाच जागा मोजून सरासरी काढण्याची सोय आहे, तीही केली. आता सगळ्यांना सारखेच बरे ऐकू येते, म्हणजे फारसे नाही.

खालचे सगळे सूर कोपऱ्यात एकवटतात. आमच्या दाराजवळच्या कोपऱ्यात चपलांचे कपाट आहे. पाहुणे निघताना तिथे वाकतात, क्षणभर थांबतात आणि म्हणतात, “सिस्टीम झकास आहे हो तुमची!”