शब्दकोश कपाटात, गाईड दप्तरात

खानदेशात शाळेचे इंग्रजी शिकायला कोणता संदर्भग्रंथ वापरतात, हे ग्रंथपालाला विचारू नये. जून महिन्यात जळगाव किंवा धुळ्याच्या बाजारातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानापुढे उभे राहावे. बाप पोराला पुढे करतो आणि म्हणतो, "भाऊ, नववीचं इंग्रजीचं गाईड काढा." दुकानदार विचारतो, "कोणत्या कंपनीचं?" संदर्भग्रंथाची निवड म्हणतात ती एवढ्यात उरकते. पोरगा कुठे अडतो, त्याला वाचता येते पण लिहिता येत नाही की दोन्ही येत नाही, ही चौकशी पायातल्या बुटाच्या मापाइतकीसुद्धा होत नाही. बालभारतीचे पाठ्यपुस्तक सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत सरकार फुकट देते. ज्याला हवी त्याला त्याची पीडीएफही फुकट मिळते. ते उघडावे लागू नये, याची तजवीज मात्र पालक रोख पैसे मोजून करतात.

गाईडला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्यामागची मेहनत मान्य केलीच पाहिजे. पाठ्यपुस्तकात 'जोडीदाराशी चर्चा करा' असे आले की गाईडमध्ये चर्चेचा निष्कर्ष तयार असतो. जोडीदाराने गैरहजर राहायला हरकत नाही. 'तुमचे मत लिहा' याखाली तुमचे मत छापलेले असते आणि जिल्ह्यातल्या सगळ्यांचे ते एकच असते. इतके एकमत जळगाव महापालिकेत कधी झालेले नाही. 'शब्दकोशात अर्थ शोधा' या सूचनेखाली शोधून झालेले अर्थ रांगेने उभे असतात. कवितेच्या रसग्रहणाचा साचा तर इतका पक्का आहे की कवी, यमक, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना आपापल्या खाचेत बसवली की शेवटी 'मला ही कविता फार आवडली' हे वाक्य आपोआप उमटते. नावडलेली कविता या पद्धतीत संभवतच नाही. आणि ज्या उताऱ्याचे नावच न पाहिलेला उतारा, तोही मुलांनी परीक्षेपूर्वी पाहून ठेवावा म्हणून गाईडवाले नमुन्यादाखल उत्तरांसह पुरवतात. या ग्रंथात विद्यार्थ्याने करायचे म्हणून काही उरत नाही, फक्त उतरवून घ्यायचे उरते.

पण गाईड आभाळातून पडलेले नाही. ते प्रश्नपत्रिकेच्या पोटी जन्मले आहे. दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांच्या प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. घोकंपट्टी संपावी हा तिचा घोषित हेतू. मराठी माध्यमाच्या मुलांच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत अगदी सुरुवातीला एक छोटी कृती येते: दिलेले चार शब्द वर्णानुक्रमे लावा. गुण दोन. एकदा नीट बघावी अशी ही कृती आहे. बऱ्याचदा चारही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, कधी दुसरे अक्षरही तेच असते, आणि मग तिसऱ्या-चौथ्या अक्षराशी फाटा फुटतो. तो नेमका ओळखायचा. हे कौशल्य जगात एकाच कामासाठी लागते, शब्दकोशात शब्द सापडावा म्हणून. (हजेरीपटासाठीही लागते म्हणा, पण ते काम सरांचे.) म्हणजे कुलूप कसे उघडायचे याची परीक्षा मंडळ घेते, फक्त ज्याचे कुलूप ते दार मुलाने आयुष्यात पाहिलेले नसते. तो हे चार शब्द गाईडमधल्या पन्नास नमुन्यांवरून सरावाने लावतो, दोन गुण घेतो आणि मोकळा होतो. बक्षीस मिळवायला विहीर खणायची आणि पाणी लागले की ती बुजवायची, असा हा अभ्यास आहे.

हे घडते कुठे, तर धुळे ज्या प्रदेशात आहे तिथे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांचा कागदपत्रांचा ढीग सांभाळायला १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि पुढे त्याच मंडळाने राजवाड्यांचा धातुकोश १९३७ मध्ये छापला. शब्द पकडून त्याचे मूळ खणून काढण्याचा नाद असलेला एवढा मोठा माणूस या गावात राहून गेला आणि त्याच गावात शब्दकोश शाळेच्या कपाटातून बाहेर निघत नाही. अनेक शाळांत तो असतो, नाही असे नाही. शिक्का मारलेला, दाखल क्रमांक घातलेला, संदर्भग्रंथ म्हणून 'घरी देऊ नये' या वर्गातला. तपासणी आली की टेबलावर येतो. पाने अजून करकरीत, म्हणजे सांभाळला छान! त्या मानाने इंग्रज साहेब अडाणीच म्हणायचा. त्याला मराठी शिकायची होती, तर मोल्सवर्थने पंडित हाताशी धरून शब्द वेचले, १८३१ मध्ये कोश काढला आणि १८५७ मध्ये तो आणखी वाढवून पुन्हा छापला. 'मराठीचे अपेक्षित प्रश्नसंच' त्याला सुचले नाहीत.

यावर पहिला आक्षेप गरिबीचा येतो. केळी किंवा कापसाच्या शेतात मजुरी करणाऱ्याने पोराला जाडजूड शब्दकोश कुठून आणून द्यावा? आक्षेप कळकळीचा आहे, पण हिशोबात टिकत नाही. गाईड दर वर्षी नवे लागते. पाचवी ते दहावी धरली तर सहा गाईडे झाली. प्रत्येकाचे आयुष्य जून ते एप्रिल, मे महिन्यात रद्दी. अभ्यासक्रम बदलला की जुने गाईड अर्ध्या किमतीतही कोणी घेत नाही. शब्दकोश एकदा घेतला की थोरल्याचा धाकट्याला आणि धाकट्याचा चुलत बहिणीला जातो. गरिबाला परवडत नाही ते गाईड, आणि घेतो तो तेच. कारण गाईडचा परतावा मार्चमध्ये दिसतो. शब्दकोशाचा केव्हा दिसेल हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप जाणत्यांचा. ते म्हणतात, इंग्रजी-मराठी कोश म्हणजे कुबड्या, मुलाला एकदम इंग्रजी-इंग्रजी द्या आणि व्याकरणाला रेन अँड मार्टिन. या जोडनावाला आपल्याकडे पोथीचा मान आहे. तेव्हा हेही सांगायला हवे की १९३० च्या दशकात निघालेले ते पुस्तक मुळात हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलेले होते, म्हणजे ज्यांना इंग्रजी येतच होते त्यांच्यासाठी. त्यातले रेन साहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातले, आणि १९२४ साली त्यांनी फ्रेंच परकी फौजेवर एक धाडसी कादंबरी लिहून नाव कमावले. पुस्तक उत्तम आहे यात वाद नाही. पण ज्या घरात इंग्रजीचे वाक्य फक्त शाम्पूच्या पुडीवर येते, तिथे ते पाचवीच्या मुलाच्या हाती देणे म्हणजे त्याला व्याकरणाची कायमची धास्ती लावणे. याउलट ज्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशाचा आज एवढा बोलबाला आहे, तो हॉर्न्बी नावाच्या मास्तराने जपानमध्ये शिकवता शिकवता तयार केला. तो आधी १९४२ मध्ये जपानातच निघाला आणि ऑक्सफर्डने १९४८ मध्ये उचलला. परक्या मुलाचे कुठे अडते, नाम मोजता येते का, क्रियापदाच्या मागे-पुढे काय येते, हे त्यात सांगितले ते इंग्रज पोरांसाठी नव्हे. खानदेशी मुलाचा तो खरा नातेवाईक. पण तोही आठवी-नववीत. त्याआधी मराठी अर्थाचा कोश हवाच, कुबडी म्हणा नाहीतर पांगुळगाडा.

मात्र मराठी अर्थाचा म्हणून कोणताही उचलायचा नाही. बसस्टँडवर मिळणाऱ्या खिशातल्या कोशात एका शब्दापुढे एक अर्थ असतो आणि तो अशा जड संस्कृत मराठीत, की साक्री किंवा पारोळ्याकडच्या घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला त्या अर्थाचा अर्थ दुसऱ्या कोशात बघावा लागतो. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचाही शब्दकोश करून ठेवला आहे. शाळांच्या खरेदीच्या यादीत तो असल्यास आनंद आहे. इंग्रजी-मराठी कोशाची दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा सोपी आहे. चालू धड्यातले अडलेले तीन शब्द चिठ्ठीवर न्यावेत आणि कोशात काढावेत. शब्द सापडला, त्याचा उच्चार दिला आहे, एकाहून अधिक अर्थ वेगवेगळे केले आहेत आणि निदान एकाखाली वाक्य आहे, तर घ्यावा. नुसत्या 'पन्नास हजार शब्द' या कव्हरवरच्या आकड्याला भुलू नये. त्यातल्या एकोणपन्नास हजारांशी आपल्या मुलाची भेट होण्याचा संभव नाही. हे सगळे करायला दहा मिनिटे लागतात. जळगावात सोन्याची अंगठी घेताना माणूस दोन तास बसतो.

तिसरा आक्षेप आता हमखास येतो: मोबाइलवर सगळे आहे, कोश कशाला? आहे खरे. मोल्सवर्थचा अख्खा कोशसुद्धा शिकागो विद्यापीठाच्या कृपेने फुकट चाळता येतो. पण मुलगा तो चाळत नाही. तो पानाचा फोटो काढतो आणि यंत्र सबंध उतारा मराठीत करून देते. हे गाईडच झाले, फक्त त्याला चार्जिंग लागते. कोशात शब्द शोधताना पाच अर्थांतला आपल्या वाक्याला कोणता लागू, हे मुलाला ठरवावे लागते, आणि भाषा त्या ठरवण्यात येते. यंत्र तेवढेच काम त्याच्याकडून काढून घेते. मोबाइलवरच्या कोशात तो स्वतः शब्द टाइप करून पाच अर्थ वाचत असेल, तर आक्षेप नाही, अभिनंदन आहे.

मग उपाय? परीक्षेच्या खोलीत शब्दकोश न्यायला परवानगी द्यावी. हे ऐकताच नाशिक विभागीय मंडळाच्या डोळ्यांपुढे भरारी पथक उभे राहील. शब्दकोश म्हणजे कॉपी! पण याच मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरवर लॉग टेबल वापरण्याची मुभा छापलेली असते. लॉग टेबलने विद्यार्थी गणितात कच्चा राहतो, असे कोणी ऐकले नाही. नेदरलँड्समध्ये तर शालान्त केंद्रीय परीक्षेत परक्या भाषेच्या पेपरला मुले द्विभाषिक कोश घेऊनच बसतात. कोणी म्हणेल, पोरे तीन तास पानेच उलटत बसतील. बसू देत की. ज्याने वर्षभर पाने उलटली त्याला अर्ध्या मिनिटात शब्द मिळेल आणि ज्याने जूनपासून गाईड पाठ केले तो घामाघूम होईल. आजवर याच्या उलट होत आले. कोश शाळेचेच ठेवावेत, बाकावर वाटावेत, पेपर संपला की मोजून घ्यावेत, म्हणजे चिठ्ठ्या लपवण्याची भीतीही नको.

मंडळाची वाट बघायचीही गरज नाही. पाचवी ते आठवीच्या घटक चाचणीचे पेपर शाळाच काढते. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या मुख्याध्यापकाने ठरवले तर येत्या ऑगस्टच्या चाचणीत न पाहिलेला उतारा आणि कपाटातले दहा कोश पाळीपाळीने देता येतील. अडचण एकच आहे आणि ती खर्चाची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पालक फाटकाशी येतील आणि विचारतील, "सर, हे क्लासमध्ये शिकवलं नव्हतं, पेपरात कसं आलं?" आणि आठवडी बाजाराच्या दिवसापर्यंत दुकानात नवे पुस्तक लागलेले असेल: 'शब्दकोश पाहणे — सर्व कृती उत्तरांसह'.