तोंडी परीक्षा

जुलै लागला की पेपरांच्या नगर आवृत्तीत एक ठरलेला फोटो दिसू लागतो. मधोमध एक रोप. त्या रोपाला दहा-बारा हात लागलेले, त्यातले निम्मे रोपापर्यंत पोहोचलेलेही नसतात. एका कडेला सरपंच, दुसऱ्या कडेला ग्रामसेवक आणि मध्ये टोपीवाले एक तात्या, ज्यांना आपल्याला कशासाठी उभं केलंय हे कुणी सांगितलेलं नसतं. वर मथळा : ‘कृषिकन्यांचे शेतकऱ्यांना मार्गदर्शन’. बातमी चार ओळींची. पुढे प्राचार्य, कार्यक्रम समन्वयक, कार्यक्रम अधिकारी आणि झाडून सगळ्या कृषिकन्यांची नावं. ती मात्र चांगली चौदा ओळी चालतात. मुलं असली तर त्यांना ‘कृषिदूत’ म्हणायचं, बाकी फोटो तोच.

हे सगळं म्हणजे ‘रावे’. ग्रामीण कृषी कार्यानुभव. बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षी पोरापोरींना काही महिने गावात पाठवायचं, एकेकाला एकेका शेतकऱ्याच्या गळ्यात बांधायचं आणि वर्गात जे शिकलात ते आता बांधावर करून दाखवा म्हणायचं. आमच्या राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ सालचं. दहा जिल्ह्यांतली कृषी महाविद्यालयं त्याच्या छत्राखाली. त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या गावांना कृषिदूतांची इतकी सवय झालीय की पहिल्या पावसानंतर बेडूक आणि कृषिदूत कोण आधी येतं, एवढंच काय ते बघायचं असतं.

सध्या विद्यापीठांमध्ये तंत्रज्ञान, रोजगार आणि समाज हे तीन शब्द एका दमात उच्चारायची पद्धत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर साध्या एम. ए.लासुद्धा ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ लागलं. मराठीत एम. ए. करणारी मुलगी ट्रेनिंगला जाणार म्हणजे नेमकी कुठं जाणार, हा प्रश्न तिच्या आजीइतकाच तिच्या सरांनाही पडला. माझ्या ओळखीतली एक मुलगी शेवटी छापखान्यात लग्नपत्रिकांची मुद्रितं तपासायला बसली. ‘आशिर्वाद’ दिसला की ती ‘आशीर्वाद’ करायची. चार दिवसांनी मालक वैतागून म्हणाले, “मॅडम, इतकी वर्षं ऱ्हस्वच छापला. लग्नं टिकलीच ना?” या प्रश्नाला भाषाशास्त्रात उत्तर नाही.

कोणता अभ्यासक्रम कुणाला कुठं नेईल हे अभ्यास मंडळाच्या बैठकीत चहा पिताना कळत नसतं. करमाळ्याकडचा एक तरुण नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकायला आला आणि तिथं शिकताना त्यानं ‘पिस्तुल्या’ नावाचा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो तरुण म्हणजे नागराज मंजुळे. त्यांच्यासारखी माणसं पुढे सिनेमातून कोट्यवधींचा धंदा करतील असं त्या वेळी कुठल्या रोजगाराभिमुख आराखड्यात लिहून दिलं असतं, तर वरच्या कार्यालयानं तो शेरा मारून परत पाठवला असता.

तर रावे. आमच्या गल्लीतल्या तात्यांकडे मागे एक कृषिकन्या होती. पहिलं प्रात्यक्षिक बीजप्रक्रियेचं. पारावर ताडपत्री अंथरली, सोयाबीन ओतलं. गुळाचं पाणी करून त्यात रायझोबियम कालवलं. ते दाण्यांवर शिंपडून मुलगी दोन्ही हातांनी मनापासून चोळू लागली. पुस्तकात ‘बियाण्यास चोळावे’ असंच लिहिलेलं होतं. तात्यांच्या घरच्या आजी पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आगं पोरी, कणीक मळती का काय? सोयाबीनची साल लई नाजूक. साल निघाली की दाणा गेला. वरवर फिरव हात.” मुलगी थांबली. तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग तिनं आजींना विचारलं, की घरचं बियाणं पेरण्याआधी उगवण तपासता का? आजी म्हणाल्या, डोळ्यानं कळतं. मुलीनं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, चार-पाच दिवसांनी सगळ्यांसमोर उलगडले. साठसुद्धा उगवले नव्हते. सत्तरच्या वर उगवले तर पेरायचं, हा नेम. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्या वर्षी तात्यांनी बियाणं बदललं. मार्क कुणी कुणाला द्यायचे हा तपशील विद्यापीठानं उगाच ठरवून ठेवलाय.

गावाचा नकाशा काढणं हाही या अभ्यासाचा भाग. मारुतीच्या देवळापुढं सडा घालून रांगोळीनं अख्खं गाव काढायचं : शाळा, ग्रामपंचायत, विहिरी, रस्ते. मुलींनी काम चोख केलं. तलाठ्याकडून गावनकाशा मिळवला आणि त्याबरहुकूम रंग भरले. बघायला गर्दी जमली. तेवढ्यात एक गृहस्थ पुढे झाले.

“ही पिवळी रेघ कशाची?”

“काका, पाणंद रस्ता आहे. नकाशात आहे.”

“नकाशात आहे. गावात नाय.”

सगळीकडे शांतता. पाणंदीवर गेली कित्येक वर्षं कुणाचा ऊस उभा आहे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि तो ऊस ज्यांचा होता तेच विचारत होते. कार्यक्रम अधिकारी घाईघाईनं म्हणाले, हा फक्त शैक्षणिक नकाशा आहे. पण पुढच्या ग्रामसभेत त्या पिवळ्या रेघेवर दीड तास भांडण झालं. ‘समाजाभिमुख शिक्षण’ हा शब्द मी बऱ्याच परिपत्रकांत वाचलाय. समाज अभिमुख होतो तेव्हा असा अंगावर येतो. पाणंद अजून उसाखालीच आहे. फक्त आता ती आहे हे सगळ्यांनी एकदा मोठ्यानं म्हटलेलं आहे.

तंत्रज्ञानाचं म्हणाल तर तेही आलंच. राहुरीला ड्रोन आहेत, ते चालवायचं प्रशिक्षण आहे. उसावर फवारायला ड्रोन खरंच सोयीचा. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरणं म्हणजे पात्यांनी अंग कापून घेणं. आमच्याकडे प्रात्यक्षिक झालं तेव्हा पोरंटोरं टाळ्या वाजवत होती. तात्या बॅटरी निरखत होते. ड्रोन खाली उतरल्यावर त्यांनी एकच विचारलं, “हिला चार्ज कुठं करायचं? शेताची लाईट रात्री येती.” बरोबरच्या तरुणानं प्रामाणिकपणे सांगितलं की याचा विचार करावा लागेल. इतका चांगला तोंडी प्रश्न कुठल्या बहिःस्थ परीक्षकानं विचारलेला मी ऐकला नाही.

आणि आता चॅटजीपीटी. रावेच्या मुलांना रोजची दैनंदिनी लिहावी लागते आणि खाली शेतकऱ्याची सही घ्यावी लागते. तात्या जुनी सातवी. सही करण्याआधी अक्षर न् अक्षर वाचणार. एकदा त्यात होतं : ‘आज शेतकरी बांधवांशी शाश्वत शेतीविषयी अर्थपूर्ण संवाद साधला.’ तात्यांनी चष्मा वर केला. “अर्थपूर्ण कधी झालं गं? काल तर पाऊस होता. तू आन् मी गोठ्यात शिरलेलं पाणी काढत होतो.” मुलगी हसली. मग त्यांनी ते खोडायला लावलं आणि लिहायला लावलं की पाऊस होता, गोठ्यात पाणी शिरलं, बादलीनं काढलं. मगच सही. आणि सही करणारा शेतकरी घरचाच असला तर? कोरोनाच्या वर्षी बऱ्याच मुलांनी आपापल्या गावातच रावे केला. स्वतःच्या बापाला बीजप्रक्रिया शिकवायची म्हणजे काय प्रसंग असेल, याचा अभ्यासक्रम समितीनं विचार केला नसावा.

ज्यांचं नाव राहुरीच्या विद्यापीठाला आहे त्या जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सुचवून ठेवलंय की प्रदर्शनं भरवावीत, औतं हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत. जोतीरावांचं आणि नगरचं नातं त्याहून जुनं. इथली मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहूनच त्यांच्या मनात पुण्यात तशी शाळा काढण्याच्या विचारानं घर केलं. पण औत हाकण्याची परीक्षा आज घेतली तर? प्राध्यापक नापास होतील हे उघड आहे. मात्र बैल विकून ट्रॅक्टर भाड्यानं घेणारे आम्ही गावकरीही काठावरच पास होऊ.

शिकलेल्यांनी न शिकलेल्यांकडे शिकवायला जाण्याला आमच्या जिल्ह्यात उलटा रस्ताही आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी देशी वाणांची बियाणी जपली, २०२० साली पद्मश्री मिळवली, आणि आता विद्यार्थी अन् शास्त्रज्ञ वह्या घेऊन त्यांच्या अंगणात बसतात.

राहिला रोजगार. ॲग्रीला प्रवेश घेताना बापाच्या सातबाऱ्याला जादा गुण मिळत आले आहेत; बापाच्या जमिनीवर मुलाला मार्क देणारी दुसरी पदवी माझ्या तरी पाहण्यात नाही. पण प्रवेश झाल्यावर त्या सातबाऱ्याकडे परत जायचं फारसं कुणाच्या मनात नसतं. कित्येक एमपीएससीला बसतात, बरेच बँकेच्या परीक्षेला. याबद्दल गळा काढणारी व्याख्यानं मी ऐकली आहेत, आणि ती देणाऱ्यांची स्वतःची मुलं काय करतात हेही पाहिलंय. तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा बँकेत पीककर्जाच्या टेबलामागे बसलेल्या माणसानं कधीतरी गोठ्यातलं पाणी बादलीनं काढलेलं असलं, तर ते शेतकऱ्याला फायद्याचंच.

तात्यांकडची ती मुलगी आता एका बँकेत कृषी अधिकारी आहे, दुसऱ्याच जिल्ह्यात. तात्यांनी तिचा नंबर जपून ठेवलाय. परवा पीककर्जाचं अडलं तेव्हा त्यांनी तिलाच फोन लावला. तिनं विचारलं, “तात्या, सिबिल बघितलं का तुमचं?” तात्यांना वाटलं, कुठल्या तरी पाहुण्याचं विचारतेय. मग तिनं बराच वेळ सिबिल म्हणजे काय, ते कशानं बिघडतं, मागचा हप्ता का थकवायचा नसतो, सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते बघू सावकाश. आधी सांग, यंदा सोयाबीन फुले संगम धरू का किमया?”