पास आहे का पास?

रांजणगाव एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटली की कारेगावातल्या चहाच्या टपऱ्या पुन्हा जाग्या होतात. गेल्या आठवड्यात अशाच एका टपरीवर एकाच्या मोबाईलवर पलक मुच्छलचा व्हिडिओ चालू होता. इंदूरची ही गायिका आपल्या कार्यक्रमांची कमाई गरीब मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला देते. आजवर तीन हजारांहून जास्त पोरांची ऑपरेशनं झाली. व्हिडिओ संपायच्या आत बाकावरून तीन निकाल लागले.

"टॅक्स वाचवत्यात हे लोक."

"तिला काय कमीये?"

"नावासाठी करतात सगळं."

चहासुद्धा निवला नव्हता.

मला राग आला. तिथं गप्प बसलो, म्हणून इथं लिहितो.

टॅक्सचं आधी घेऊ. आयकराच्या ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीत बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही जुन्या करपद्धतीत. तीस टक्क्यांच्या दरानं कर भरणाऱ्यानं शंभर रुपये दिले तर त्याचे पंधरा वाचतात. पंच्याऐंशी खिशातून गेले ते गेलेच. पंधरा रुपये वाचवायला शंभर रुपये देणारा माणूस मला आमच्या अख्ख्या शिरूर तालुक्यात दाखवा. एवढं साधं गणित न मांडता आपण एखाद्याच्या देण्यावर बोट ठेवतो.

आता नावाचं. १९९९ साली कारगिलचं युद्ध चालू होतं, तेव्हा पलक सात वर्षांची होती. इंदुरात दुकानादुकानांपुढं गाऊन तिनं जवानांच्या घरच्यांसाठी पैसे गोळा केले. पुढं ऑपरेशन होऊन वाचलेल्या प्रत्येक मुलामागं ती एक बाहुली घरी ठेवत आली. सात वर्षांच्या पोरीला कुठल्या नावाची हाव असणार? आणि नावाची हाव बघायची तर आपली यात्रा बघा. पाचशे एक रुपयांची पावती फाडली की तमाशाचा वग ऐन रंगात आलेला असताना मध्येच थांबवून माईकवर आपलं नाव, वडिलांचं नाव आणि गाव पुकारून घेतो आपण. ढोलकीवाला हात वर धरून थांबलेला असतो. नाव चुकलं तर पुन्हा पुकारायला लावतो.

हे देणं काही इंदुरातूनच शिकायला नको. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'मानापमान' नाटकात एकत्र उभे राहिले. गंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोघांच्या कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी, दोघांचे चाहते एकमेकांना पाण्यात बघणारे. त्या रात्रीचं उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेलं. तिकीट शंभर रुपयांपर्यंत होतं, १९२१ चे शंभर रुपये! पुढं तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. बालगंधर्वांची अखेरची वर्षं हलाखीत गेली. फंडाला रात्र देणाऱ्यांच्या घरी पैसा उतू जात होता असं समजू नका.

पण मला खरं सांगायचंय ते गेटवरचं.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शाळेच्या दोन खोल्यांसाठी एका गायिकेनं बिनमानधन कार्यक्रम केला. तिचं नाव लिहीत नाही, तेव्हा तिनंच नको म्हटलं होतं. तिकीट शंभर रुपये. पत्र्याचा गल्ला मांडीवर घेऊन मी गेटवर बसलो होतो. सातला गर्दी सुरू झाली. मजूर, रोजावरची माणसं, खोल्या भाड्यानं घेऊन राहणारी नांदेड-लातूरची पोरं मुकाट्यानं शंभराची नोट पुढं करत होती. एका बाईनं दहा-दहाच्या नोटा मोजून दिल्या आणि लेकराला कडेवर घेऊन आत गेली. लेकराचं तिकीट लागतं का, तेही तिनं स्वतःहून विचारलं.

साडेसातनंतर चारचाक्या यायला लागल्या. काच अर्धी खाली. "पास आहे का पास?" पास नाही म्हटल्यावर, "अरे, ओळखलं नाही का?" ओळखलं होतं, म्हणून तर तिकीट पुढं केलं. कुणी फोन लावून दिला, कुणी मागच्या बाजूनं कनात वर करून आत शिरलं. शाळेच्या खोल्यांसाठीचा कार्यक्रम, आणि त्याच शाळेत शिकून मोठी झालेली माणसं पास मागत होती. दुसऱ्या दिवशी चौकात पहिला प्रश्न आला तोही त्यांच्याकडूनच: "जमले किती? तिनं आतून किती घेतले?"

तिनं आतून काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या मागं ताडपत्रीवर बसून तिनं ढोलकीवाला, कीबोर्डवाला, ऑक्टोपॅडवाला आणि साउंडच्या दोन पोरांना पाकिटं दिली. स्वतःच्या पर्समधून. मला म्हणाली, "दादा, मी फुकट गाईन हो. यांना फुकट वाजवा कसं म्हणू? यांचं घर रोजच्या सुपारीवर चालतं." ढोलकीवाल्यानं पाकिटातली एक नोट काढून गल्ल्यात टाकली. बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली होती, नोट सुटी करायला त्याला वेळ लागला. माईकवर जाहीर केलेल्या आकड्यात ती पाकिटं नव्हती, आणि ती नोटही वेगळी दाखवलेली नव्हती.

म्हणून "किती दिले" असं विचारणाऱ्याला मी विचारतो, त्या रात्री वाजवणाऱ्यांचं घर कुणी चालवलं हे तुला माहीत आहे का?

आमच्याच जिल्ह्यातल्या नारायणगावच्या तमाशा कलावंत विठाबाईंचं उदाहरण तर पाठ असायला हवं. पोटुशी असताना फडावर नाचल्या, तंबूमागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडून पुन्हा बोर्डावर आल्या. दोनदा राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला. जानेवारी २००२ मध्ये गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. २००६ पासून सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं. ज्यांनी आयुष्यभर त्यांच्या खेळाला शिट्ट्या मारल्या, त्यांनी वेळीच वर्गणी काढली असती तर मला आज हे लिहावं लागलं नसतं.

कलावंतांच्या रात्रीचे पैसे नीट लावले तर काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलंय. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा यांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले. मानधन घेतलं नाही. त्या पैशातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. रक्कम वाटून टाकली नाही, मुद्दल तसंच ठेवलं आणि व्याजातून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्यांना दरमहा मानधन सुरू केलं. पडद्यावर ज्याला बघून बायका बोटं मोडायच्या, त्या निळूभाऊंच्या घामातून कुणा कार्यकर्त्याच्या घरी महिन्याचं धान्य येत होतं. मला ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात हवी आहे.

हिशेब मागूच नका, असं मी म्हणत नाही. जरूर मागा. लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क खाली परवानगी लागते, आणि ती घेणाऱ्यानं हिशेब द्यायचा असतो. आधी कागद नीट केले नाहीत तर काय होतं ते पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन या संगीतकारांनी भोगलं. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी त्यांनी दोन खेळ केले. तिकिटांचे दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर युनिसेफला गेले. रेकॉर्डच्या विक्रीचा पैसा त्याहून कितीतरी जास्त होता, तो मात्र वर्षानुवर्षं करखात्यात अडकला, कारण मदतीची व्यवस्था आधी कागदावर बांधलेली नव्हती. तिकडं लोक उपाशी आणि इकडं पैसा बंद. तेव्हा हिशेब, पावती, परवानगी हे हवंच.

फक्त तोच आवाज सगळ्यांपुढं काढा. यात्रेची पट्टी गोळा होते, तिचा कागद देवळाच्या भिंतीवर लागला का? आपल्या उशाला एवढी मोठी एमआयडीसी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात. त्यातलं आपल्या पंचक्रोशीत काय आलं, असं ग्रामसभेत उभं राहून किती जणांनी विचारलं? तिथं आपण चपला काढून मागच्या रांगेत बसतो. आणि मोबाईलवर एका गायिकेला मात्र दोन बोटांनी जाब विचारतो.

येत्या उन्हाळ्यात शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहासाठी आम्ही पुन्हा कार्यक्रम घेतोय. परवानगीचा अर्ज लिहून झाला आहे. या वेळी तिकिटाच्या पैशातून पहिली रक्कम वाजवणाऱ्यांच्या बिदागीची निघेल, आणि फ्लेक्सवर ढोलकीवाल्याचं नाव गायिकेच्या नावाएवढ्याच अक्षरांत येईल. हिशेब शाळेच्या फाटकावर लागेल, ज्याला वाचायचा त्यानं उभं राहून वाचावा. पास छापायचे नाहीत असं ठरलंय. तिकिटं छापून आली की पहिली तीन घेऊन मी दुसरी पाळी सुटायच्या वेळेला त्या टपरीवर जाणार आहे. बाक कुठला ते मला माहीत आहे.